काहीच न करणारी ओळ

गुरुवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास मी एका पेशीचं सगळं खाणं बंद केलं आणि ती मेली नाही. साखर शून्य केली, प्राणवायू शून्य, अमोनिया शून्य, मग लोह, गंधक, फॉस्फेट, एकेक नळ बंद करत गेले. खरी पेशी नव्हे. भाताच्या मुळांशी राहणाऱ्या एका जिवाणूची संगणकातली पेशी, म्हणजे त्याच्या आत चालणाऱ्या बाराशे चौदा अभिक्रियांची यादी, आणि ती यादी चालवून बघणारं आमचं सॉफ्टवेअर. नवी आवृत्ती तयार झाली की पेशीला आधी उपाशी ठेवून बघायचं हा माझा रिवाज. अशा वेळी पडद्यावर लाल अक्षरं उमटतात, 'उत्तर नाही'. या परिस्थितीत ही जगूच शकत नाही, असा त्याचा अर्थ. त्या दिवशी हिरवी उमटली. 'उत्तर सापडले. वाढ शून्य.' मी नकाशा उघडला. एरवी तो बघताना मला दर वेळी थोडं दडपायला होतं, इतके बाण, इतके फाटे, डोळ्यांना दिसणारही नाही अशा जिवात एवढा पसारा. आता सगळे बाण करडे होते. एकातूनही काही वाहत नव्हतं. काही आत येत नव्हतं, काही बाहेर जात नव्हतं, काही घडत नव्हतं आणि मोडत नव्हतं, आणि वर हिरव्या अक्षरांत सगळं ठीक असल्याचा निरोप. लवळ्याच्या टेकडीवरच्या आमच्या लॅबमध्ये एप्रिलच्या त्या सकाळी हा नुसता एक घोळ होता. पण हे चित्र मी आधी कुठंतरी पाहिलं होतं, रोज पाहत होते, आणि परवा शनिवारी ते घरातून उचलून नेण्यासाठी गाडी येणार होती.

ते चित्र म्हणजे आमचे आबा. माझे वडील, गेणबा. मागच्या वैशाखात मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हापासून नेऱ्याच्या घरात खिडकीखालच्या खाटेवर पडून आहेत. बोलत नाहीत. कूस बदलत नाहीत. डोळे उघडे असतात, पण बघतात की नुसते उघडे आहेत ते कळत नाही. आईचे गुडघे गेलेत. धाकटा भाऊ अनिकेत हिंजवडीत कंपनीची गाडी चालवतो, कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, आणि आबांना उचलून उचलून त्याची कंबर धरली आहे. पौडच्या पुढे एक शुश्रूषा केंद्र आहे, चांगलं आहे, मी जाऊन पाहून आले होते, चादरी स्वच्छ होत्या. सगळं ठरलं होतं. फॉर्मही मीच भरला होता, कारण घरात फॉर्म भरण्याचं खातं माझ्याकडे आहे. त्यात एक रकाना होता, 'रुग्ण दिवसभरात काय काय करतो?' मी तिथं लिहिलं, 'काही नाही'. लिहिताना मला वाईट वाटलं असं मी म्हणू शकत नाही. खरं तेच लिहिलं होतं.

या लॅबमध्ये मी दीड वर्षापूर्वी आले. त्याआधी पाच वर्षं हिंजवडीत विम्याच्या दाव्यांचं सॉफ्टवेअर लिहीत होते, आणि पाच वर्षांत एकदाही मला कशाचं नवल वाटलं नव्हतं. इथं लॅबच्या प्रमुख उषा मॅडमनी पहिल्या दिवशी ती यादी माझ्यासमोर उघडली. जीवशास्त्र मी दहावीला सोडलेलं. मॅडम म्हणाल्या, घाबरू नकोस, एकच नियम आहे, पेशीच्या आत जे जितकं तयार होतं तितकंच वापरलं गेलं पाहिजे, काही साचता कामा नये आणि काही कमी पडता कामा नये. तो नियम मला पटकन कळला, कारण मी भातगिरणीत वाढले. आबा तीस वर्षं पौडच्या गिरणीवर हमाल होते. सुट्टीच्या दिवशी मी आणि अनिकेत त्यांचा डबा घेऊन जायचो आणि कोंड्याच्या ढिगावर बसून बघायचो. एका तोंडाने भात आत, दुसऱ्या तोंडाने तांदूळ, तिसऱ्याने तूस, चौथ्याने कोंडा. एका जागी पोती साठली की सगळी गिरणी अडायची आणि मालक ओरडायचा, आणि आबा आणि त्यांचे जोडीदार धावत येऊन ते मोकळं करायचे. पेशी म्हणजे अशा बाराशे गिरण्या, एकीचा माल दुसरीच्या तोंडात, आणि कुठंही अडत नाही. ते पहिल्यांदा चालवून पाहिलं तेव्हा पडद्यावर एक आकडा आला, इतक्या साखरेवर ही पेशी तासाला इतकी वाढेल. पुढच्या आठवड्यात खालच्या मजल्यावर बाटलीत खरे जिवाणू वाढवले, तर तो आकडा जवळजवळ तसाच आला. मी बाटली उजेडात धरून उभी राहिले. गढूळ पाणी होतं नुसतं. मी लिहिलेल्या समीकरणांशी त्या गढूळ पाण्याची कधी भेट झाली नव्हती. मला काय वाटलं ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण लॅबमध्ये लोक अशा वेळी फक्त 'फिट चांगला आहे', आकडे जुळतायत, असं म्हणतात.

तर त्या गुरुवारी मी त्या करड्या नकाशाकडे बघत बसले होते आणि उषा मॅडम हातात डबा घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या आहेत, बोलायला तुटक, पण चूक दाखवताना आवाज कधी चढत नाही. थोडा वेळ त्यांनी पडदा पाहिला.

"प्रियदर्शिनी, ही मेलेली आहे," त्या म्हणाल्या. "आणि तुझं सॉफ्टवेअर म्हणतंय, बरी आहे."

"तेच शोधतेय मॅडम."

"बाण किती आहेत?"

मी सॉफ्टवेअरला मोजायला लावलं. बाराशे तेरा. एक कमी. कुठला, ते शोधायची मला गरज नव्हती, कारण त्याच क्षणी मला आठवलं आणि कानापर्यंत तोंड तापलं. तीन आठवड्यांपूर्वी मी यादीची साफसफाई केली होती. जुन्या नोकरीत आम्ही याला मेलेला कोड काढणं म्हणायचो. जी ओळ कुणाच्या कामाला येत नाही, जिच्यातून पुढे काही जात नाही, ती शोधायची आणि उडवायची. तो माझा आवडता उद्योग, आणि त्याबद्दल पूर्वी माझं कौतुकही व्हायचं. या यादीत मला एक ओळ सापडली. ती एटीपी घेत होती. एटीपी म्हणजे ज्याच्या जोरावर पेशीतली सगळी कामं होतात तो रेणू. भरलेला असतो, काम करताना रिकामा होतो, पुन्हा भरून येतो. ही ओळ भरलेला एटीपी घेऊन रिकामा करत होती, आणि बस्स. बदल्यात काही नाही. प्रथिन नाही, चरबी नाही, वाढीला हातभार नाही. भरलेलं घ्यायचं, रिकामं परत द्यायचं आणि मध्ये काहीच घडवायचं नाही. मला वाटलं कुणीतरी तपासण्यासाठी लिहिली असेल आणि काढायची राहिली असेल. मी ती काढली आणि नोंदवहीत टीप लिहिली. मी आत्ता ती टीप उघडली. 'काहीच करत नाही. काढून टाकली.' खाली तारीख. त्याच दिवशी घरी जाऊन मी तो फॉर्म भरला होता.

मॅडमनी खुर्ची ओढली आणि टीप वाचली. मला वाटलं आता ऐकावं लागणार. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं, एक पोळी माझ्यापुढे केली आणि म्हणाल्या, "ही ओळ म्हणजे तिचा निर्वाह."

"म्हणजे?"

"म्हणजे वाढणं नाही, नुसतं असणं. पेशीच्या भिंतीतून सतत काहीतरी आत झिरपत असतं, ते बाहेर फेकावं लागतं. प्रथिनं आपोआप बिघडत असतात, ती मोडून पुन्हा बांधावी लागतात. हे एक क्षण थांबलं की आतलं आणि बाहेरचं सारखं होतं. मग पेशी उरत नाही, नुसतं पाणी उरतं. हे सगळं किती बारीकसारीक आहे ते एकेक लिहीत बसलो तर जन्म पुरणार नाही. म्हणून एकच ओळ लिहायची. इतकं एटीपी जातं, कशासाठी विचारू नका. बदल्यात काही दिसत नाही कारण ती जे बनवते ते ती स्वतःच असते."

मी पोळी हातात धरून बसले होते. मी विचारलं, हे मोजलं कुणी, न दिसणारं काम मोजायचं कसं. त्या म्हणाल्या, सोपं आहे. जिवाणूंना साखर कमी कमी देत जायचं. वाढ मंदावते. दर वेळी किती साखर खाल्ली आणि किती वाढ झाली ते कागदावर मांडायचं, ठिपक्यांची सरळ रेष येते. मग ती रेष पट्टीने मागे ओढत न्यायची, वाढ शून्य होईल तिथपर्यंत. "पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, वाढ शून्य म्हणजे खाणंही शून्य. पण रेष तळाला टेकत नाही. थोडी वर राहते. दर वेळी. कुठलाही जीव असो." त्यांनी पाण्यात बोट बुडवून टेबलावर ती रेष काढून दाखवली, तळापासून बोटभर वर थांबलेली. एवढीशी जागा, पाण्याने काढलेली, पंख्याखाली ती वाळायलाही लागली होती. मी त्या जागेकडे बघत राहिले. देवळात किंवा विहारात मला कधी भरून येत नाही. बाबासाहेबांच्या जयंतीला आई हात जोडून रडते तेव्हा मी मोबाइल बघत असते. पण वाढ शून्य आणि तरी तळापासून बोटभर वर, कुठलाही जीव असो, हे ऐकताना मला वाटलं की आता कुणी काही बोलू नये.

मॅडम मात्र जेवता जेवता बोलत होत्या. "आणि माणसाचं तर विचारूच नकोस. शरीरात एका वेळी एटीपी असतं जेमतेम मूठभर. पण तेच मूठभर दिवसभर भरायचं, रिकामं करायचं, पुन्हा भरायचं. बेरीज केली तर नुसता पडून असलेला माणूस दिवसाला जवळपास स्वतःच्या वजनाइतकं एटीपी उलथापालथ करतो. थोडं कमीजास्त."

"पडून असलेला?"

"नुसता पडून. बोटही न हलवता."

मी ती ओळ परत घातली. बाराशे चौदा. पुन्हा सगळे नळ बंद केले, साखर, प्राणवायू, अमोनिया, आणि चालवलं. लाल. 'उत्तर नाही'. मला इतकं बरं वाटलं की मी स्वतःशीच हसले. तीन आठवडे माझ्या चुकीमुळे तिला मरताही येत नव्हतं, आणि मी तिला जिवंत म्हणत होते. मग साखरेचा नळ अगदी थोडासा उघडला, आणि तितकाच प्राणवायूचा. कितीवर उघडायचा ते हळूहळू शोधत गेले, लाल, लाल, लाल, आणि मग एका ठिकाणी हिरवं. वाढ शून्य. पण आता नकाशा करडा नव्हता. साखर आत येत होती, दहा-बारा पायऱ्यांनी मोडत होती, एटीपी भरत होतं आणि सगळं, कणभरही मागे न ठेवता, त्या एका ओळीतून जात होतं. वाढायला काही उरत नव्हतं, एक नवी पेशी होण्याची आशा नव्हती, आणि आत ही एवढी धावपळ. दीड वर्षं मी या नकाशात वाढीचाच आकडा बघत आले होते. तो शून्य आला की पुढचं बघायची नाही. जुन्या टिपेखाली मी नवी टीप लिहिली, 'परत घातली. चूक माझी.' आणि चार वाजता मॅडमना सांगून निघाले. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही.

लवळ्याचा उतार उतरून नांद्यावरून येताना दुतर्फा वाळलेली भातखाचरं दिसतात, आता त्यांतल्या निम्म्यांत पत्रे ठोकलेत. एरवी मी स्कूटीवरून शिव्या घालत येते, डंपरना, खड्ड्यांना, आयटीतल्या गाड्यांना, म्हणजे कालपर्यंत ज्यात मी होते त्यांना. त्या दिवशी मला प्रत्येक गोष्ट आतून चालू असल्यासारखी दिसत होती. सिग्नलला शेजारी एक बाई मूल खांद्यावर टाकून उभी होती, मूल झोपलेलं, तोंड उघडं, आणि मला वाटलं, केवढं काम चाललंय. बांधावर एक बैल बसला होता, डोळे मिटून. तोही कामावर होता. हसू येईल अशीच गोष्ट आहे, तेहतीस वर्षांची बाई माणच्या रस्त्यावर बैल बघून गलबलते. पण मला हसू येत नव्हतं. मला भीती वाटत होती की घरी पोचेपर्यंत हे दिसणं निघून जाईल.

घर आमचं वस्तीत, विहाराच्या मागे, दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. आई खाटेजवळ स्टुलावर बसून आबांना चमच्याने पेज भरवत होती. एक चमचा, मग थांबायचं, मग गळ्यापाशी बोट ठेवून गिळलं का बघायचं, मग दुसरा चमचा. एका वाटीला पाऊण तास. अकरा महिने मी हे बघतेय आणि दर वेळी मनात हिशेब यायचा की एवढ्या वेळात किती कामं झाली असती. आबांचा उजवा हात छातीवर होता, बोटं आत वळलेली. रक्तस्राव झाल्यापासून तो हात तसाच आहे. डॉक्टर म्हणतात स्नायू आखडलेत. आई म्हणते, "आकडा धरलाय त्यांनी." पोतं पाठीवर घेताना हमाल लोखंडी आकडा रुतवतात, तो धरायची मूठ. आईचं हे बोलणं मी वेडेपणात जमा करून टाकलं होतं.

"लवकर आलीस," आई म्हणाली. "बरं न्हाई का?"

"बरी आहे. आज आबांनी काय केलं?"

हा प्रश्न मी अकरा महिन्यांत विचारला नव्हता. पण आईला त्याचं नवल वाटल्याचं दिसलं नाही. कुणी कामावरून आलेल्या माणसाबद्दल विचारावं तसं तिनं सरळ सांगायला घेतलं. "सकाळी खोकलं, दोनदा. दुपारी ऊन तोंडावर आलं तवा डोळं मिटून घेतलं, मी पडदा वढला मग उघडलं. अन् घामानं लई भिजलं. तीन बंड्या बदलल्या."

"पंखा लावायचा की."

"लावलाय न्हवं. पर घाम तर येनारच. काम केल्याबिगर घाम येतोय व्हय कुनाला?" आणि तिनं पुढचा चमचा भरला.

मी आबांच्या पायथ्याशी बसले आणि पाऊल हातात धरलं. टाचेला अजून गिरणीच्या भेगा आहेत. पाऊल कोमट होतं. बाहेर चाळीस डिग्री होतं आणि पाऊल कोमट होतं, तापलेलं नव्हतं, कारण तो घाम आतली उष्णता बाहेर काढत होता, आणि तो घाम काढायला कुठलेतरी पंप चालू होते, आणि त्या पंपांना ते मूठभर एटीपी पुन्हापुन्हा भरून दिलं जात होतं. आईनं भरवलेला तो एक चमचा, पेजेचा, आंबेमोहोराच्या कण्यांचा, खाली उतरत होता आणि त्यातलं वाढीला काही जाणार नव्हतं. सगळंच्या सगळं त्या एका ओळीतून जाणार होतं. मानेवरची शीर उडत होती. मी ती उडताना किती वेळ पाहिली मला सांगता येणार नाही. हा माणूस अकरा महिने माझ्यासमोर, दिवस न् रात्र, एकही खाडा न करता, स्वतःला धरून होता, आणि मी लिहिलं होतं, काही नाही. मला लाज वाटली. पण लाजेपेक्षा मोठं असं काहीतरी त्या खोलीत होतं आणि त्याच्यापुढे माझी लाजही फार वेळ टिकली नाही.

आबांचं वजन आम्हाला माहीत होतं. गेल्या महिन्यात अनिकेतनं त्यांना दोन्ही हातांवर घेऊन वजनकाट्यावर उभं राहून पाहिलं होतं. दोघं मिळून एकशे सतरा. मग आबांना ठेवून एकटा उभा राहिला. एकाहत्तर. तेव्हा तो बाहेर जाऊन उभा राहिला होता.

सहा वाजता अनिकेत पाळी संपवून आला. आला तो कमरेवर हात ठेवूनच. शनिवारी गाडी दहाला येईल, त्यानं सांगितलं, फॉर्म तेवढा दे, कागद एकत्र लावून ठेवतो. मी कपाटातून फॉर्म काढला. देण्याआधी त्या रकान्यातलं 'काही नाही' खोडलं आणि जे खरं होतं ते लिहिलं. रकाना लहान होता, पण पुरला. अनिकेतनं कागद हातात घेतला आणि दारातल्या उजेडात धरून वाचला.

"ताई, हे काय?"

"बरोबर आहे ते. मॅडमना विचारलंय मी."

त्यानं पुन्हा वाचलं, या वेळी ओठ हलवत. 'हमाली. रोज एक पोतं.' मग मी त्याला सांगितलं, जमेल तसं, मूठभर असतं ते कसं भरतं आणि रिकामं होतं, दिवसाची बेरीज किती होते, आणि ती रेष तळाला टेकत नाही ते. आई चमचा थांबवून ऐकत होती. मी हेही सांगितलं की माझं निम्मं काम घरून होतं, ते मी इथं या खोलीत बसून करीन, आणि दुपारी आबांची कूस मी बदलीन. "तुझी कंबर गेलीय ते मला दिसतंय. आजवर मी तुझ्यावर टाकलं," मी म्हणाले. तो आबांकडे बघत होता, त्या वळलेल्या मुठीकडे. लहानपणी कोंड्याच्या ढिगावर बसून तो पोती मोजायचा, आबांची वेगळी, बाकीच्यांची वेगळी, आणि आबांची जास्त भरली की घरी येऊन आईला सांगायचा.

"पन्नास किलोचं?" त्यानं विचारलं.

"सेहेचाळीस."

मग त्यानं फॉर्मची घडी घातली, आणखी एक घातली, आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"चालंल," तो म्हणाला. "वय झालंय आता त्यांचं." आणि फोन काढून शनिवारची गाडी नको म्हणून सांगायला पडवीत गेला.

तो आत आला तेव्हा आई म्हणाली, कुशीवर घ्यायची वेळ झाली. अनिकेत खांद्याकडे वाकला तर मी त्याला पायांकडे पाठवलं आणि खांदे मी घेतले. मला सवय नव्हती. हात कुठं घालायचे ते आईनं सांगितलं. आबांचं डोकं माझ्या दंडावर आलं, घामाने ओलं.

"घेऊ?" अनिकेतनं विचारलं.

"घे," मी म्हणाले, आणि आम्ही त्यांना उचललं.